साडेदहाचा कवडसा

माझ्या भाचीचे लंगोट जन्मापासून लाल निघायचे आणि आम्हाला कुणालाच त्यात काही वेगळं दिसलं नाही.

आमचा भाग ज्यांनी पाहिलेला आहे त्यांना याचं फार नवल वाटणार नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं सासर पाळी गावाच्या पुढे, खाणीच्या रस्त्याला लागून. लोखंडाच्या मातीचे ट्रक दिवसभर दारावरून जायचे. दोरीवरचे कपडे लाल, तुळशीची पानं लाल, मांजर मुळात पांढरं की तांबडं हे पावसाळ्यातच कळायचं. बहिणीने पहिल्यांदा लंगोट दाखवला तेव्हा तिच्या सासूने, म्हणजे आमच्या आतेने, तो उजेडात धरला आणि म्हणाली, "उदकाचें तें. बांयचें उदक वापरूं नाका."

मग बहिणीने घराजवळची विहीर सोडली. डोंगराखाली एक झर होती, तिथून ती डोक्यावर पाणी आणू लागली, फक्त लंगोट धुवायला. दोन वर्षं आणलं. लंगोट लालच राहिले. तेव्हा आते म्हणाली, झरीच्या पाण्यातही आता खाण उतरली असणार.

मी त्या वेळी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीत मी बहिणीकडे जायचे, ते लंगोट मीही पिळलेले आहेत. मलाही आतेचं म्हणणं बरोबर वाटलं.

आतेच्या मुलाचं स्थळ खरं तर माझ्यासाठी होतं. आमच्याकडे मामाची मुलगी आतेच्या घरात जाते, त्यात विचारायचं काही नसतं. मी जन्मले तेव्हाच आतेने मला सून म्हटलं होतं. आम्ही लाटंबार्श्याचे. बाबा दुसऱ्याच्या काजूच्या बागेत राखणीला आणि आई भातशेतीत. घरात सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मला डिचोलीच्या हायस्कुलात एका सरांनी आपली जुनी पुस्तकं दिली, एवढंच नाही तर ते एकदा बागेत बाबांना भेटायला आले आणि काजूच्या बोंडांच्या वासात, रुमाल नाकाला लावून, हिला कॉलेजात घाला म्हणून सांगून गेले. बाबांनी आतेला काय सांगायचं हा प्रश्न होता. तो धाकटीने सोडवला.

"अक्काक शिकूंक दी," ती बाबांना म्हणाली. "थंय हांव वतां."

तेव्हा ती माडाच्या चुडताच्या हीरांची केरसुणी बांधत होती. बोलताना तिने वर पाहिलं नाही आणि हात थांबवले नाहीत. ती सतरा वर्षांची होती. आज मी जी काही आहे ती त्या सरांमुळे, माझी फी माफ करणाऱ्या कॉलेजमुळे आणि त्या वाक्यामुळे आहे. पहिल्या दोघांचे आभार मी मानले.

भाची चार-पाच वर्षांची झाल्यावर तिच्या हातांवर आणि गालांवर फोड येऊ लागले. उन्हात खेळून आली की संध्याकाळी फोड. ते फुटले की व्रण राहायचा, व्रणावर पुन्हा फोड. दुधाचे दात तांबूस होते, पडून नवे आले तेही तांबूस. डिचोलीच्या डॉक्टरांनी मलम दिलं. देवळात गुरवाने कौल घ्यायला देवाला पाकळ्या लावल्या, उजवी पडली, म्हणजे सगळं ठीक होतं. बोटं हळूहळू आखडत गेली. मी तोवर बी.एड. करून, पेडण्याला दोन वर्षं बदली शिक्षिका म्हणून काढून, बहिणीच्याच गावातल्या हायस्कुलात लागले होते आणि तिच्याच घरी राहत होते. रोज ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिला मलम लावायचे.

पणजीला मोठ्या इस्पितळात नेलं ते नदीवरचा पूल पडला त्या पावसाळ्यात. बेतीहून फेरीबोटीने जावं लागायचं. ढग विरून ऊन पडलं म्हणून बहिणीने मुलीला नवऱ्याच्या रेनकोटाखाली घेतलं. शेजारी एक मासळीवाली टोपली घेऊन बसली होती. तिने रेनकोटाची कड उचलून पाहिलं.

"देवी आयल्यात काय गो भुरग्याक?"

"ना," बहीण म्हणाली. "वत सोसना तिका."

"वत सोसना? राणी ही," मासळीवाली म्हणाली आणि टोपली एवढी सरकवली की मुलीचे पाय सावलीत आले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आम्हाला एका काळोख्या खोलीत नेलं आणि मुलीच्या तोंडासमोर जांभळा दिवा धरला. तिचे दात निखाऱ्यासारखे पेटले. समोर आरसा होता. मुलीला त्यात ते दिसलं आणि ती हसली. मग तिने पुन्हा हसून पाहिलं. आम्ही दोघी उभ्या होतो.

रोगाचं नाव पोर्फायरिया. मी वहीत लिहून घेतलं. डॉक्टरीणबाईंनीही तो पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच पाहिला होता. रक्तातला लाल रंग तयार होता होता अर्धवट राहतो, तो कातडीत, दातांत आणि लघवीत साठतो, आणि उजेड पडला की कातडी जाळतो. कुणाला लागत नाही. औषध नाही. ऊन टाळायचं. काचेतून येणारंही टाळायचं. मग त्यांनी विचारलं, "नवरा-बायको नात्यातले का?"

आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, असा अर्धा दोष घराण्यात पिढ्यान् पिढ्या लपून राहतो, त्याचा कुणाला त्रास होत नाही. नात्यात लग्न झालं की कधीतरी दोन अर्धे एकत्र येतात. यात कुणाची चूक नाही.

"म्हणजे उदकाचें न्हय?" बहिणीने विचारलं.

"नाही."

"आनी खणीचें?"

"त्याचंही नाही."

परतताना फेरीबोटीत ती म्हणाली, "दोन वर्सां हांवें डोंगराकडल्यान उदक हाडलें." मी वही उघडून सगळं पुन्हा वाचलं. त्या घरात मी गेले असते तर ही माझी मुलगी असती, हे त्या वहीत नव्हतं. मला त्या वेळी काही वाटलं नाही. अजूनही त्या दिवसाचं आठवलं की मला फक्त बोटीच्या लोखंडी फाळक्याचा आवाज आठवतो.

पुढच्या जूनमध्ये भाची पाचवीत, माझ्या वर्गात आली. पहाटे उजेड व्हायच्या आधी मी तिला शाळेत न्यायचे आणि दिवस कलल्यावर परत आणायचे. घरी मी मावशी, शाळेत बाई. कधी ती चुकून वर्गात मावशी म्हणायची, मग तो दिवसभर सगळा वर्ग मला मावशी म्हणायचा. जनेलांच्या काचांना आम्ही आतून काळा कागद लावला होता. पण वर्गाच्या छपरात एक काचेचं कौल होतं, उजेडासाठी बसवलेलं. सकाळी साडेदहाला त्यातून कवडसा पहिल्या रांगेतल्या तिच्या बाकावर यायचा, पाऊण तासाने भिंतीवर चढून जायचा.

पहिल्या आठवड्यात मीच बाक हलवलं. दुसऱ्या आठवड्यापासून मुलं हलवू लागली. कवडसा बाकाच्या कोपऱ्याशी आला की कुणीतरी "आयलो" म्हणायचं, चौघंजण उठायचे, तिच्यासकट बाक उचलून हातभर सरकवायचे आणि परत जागेवर बसायचे. मी गणित शिकवत असले तर गणित थांबत नसे. ढगाळ दिवशी मुलं जरा हिरमुसायची. चौघांत कुणाचा नंबर यावरून मारामारीही झाली.

गणेश चवथीच्या सुट्टीनंतर एक आई आपल्या मुलाचा विसरलेला डबा द्यायला वर्गात आली. तिने भाचीचे हात पाहिले. व्रण, आखडलेली बोटं, एका बोटाचं टोक झिजलेलं. तिने डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि मुलाला हाताला धरून घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत गावात महारोग हा शब्द फिरला. सोमवारी अर्धा वर्ग रिकामा होता.

हेडमास्तर वाईट नव्हते. मला नोकरीत त्यांनीच घेतलं होतं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभे राहून बोलले.

"बाई, मला तुमची अडचण कळते. पण मुलं आली नाहीत तर शाळा कसली? दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर तिला घरी शिकवा. परीक्षेला मी बसवून घेतो."

घरी म्हणजे आतली खोली. तिला खिडकी नव्हती. पूर्वी तिथे भात साठवायचे. सुट्टीच्या दिवशी भाची तिथेच असायची, कंदिलापाशी. दिवाळीनंतर रोजच तिथे असणार होती.

त्याच सुमारास शिक्षण खात्याचं पत्रक आलं. गोवा घटक राज्य झालं होतं, त्या आनंदात प्रत्येक शाळेने मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं होतं. मला वाटलं, पालकांना मी समजावलं तर ते ऐकणार नाहीत, पण स्वतःच्या मुलाने काढलेलं चित्र बघायला येतील. मुलांनी आपला वर्ग काढावा, त्यात बाक काढावं, कवडसा काढावा, आणि खाली दोन ओळींत लिहावं की हा रोग कोणता आणि तो कसा लागत नाही. हेडमास्तर म्हणाले, आपला वर्ग म्हणजेही आपलं राज्यच, चालेल.

मी मुलांना वहीतलं वाचून दाखवलं, त्यांना कळेल असं. भाची ऐकत होती. शेवटचा भाग, नात्यातल्या लग्नाचा, मी वाचला नाही. मुलं लहान आहेत असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं, की पेडण्याच्या एका कारकुनाचं स्थळ मला सांगून आलं होतं. माझं वय तिशीला टेकलेलं. त्या घरची माणसं पुढच्या पंधरवड्यात बघायला येणार होती, आणि आमच्या घराण्याच्या रक्तात काही आहे हे शाळेच्या भिंतीवर लावायची माझी तयारी नव्हती.

मुलांनी चित्रं काढायला घेतली तर खोक्यातले लाल खडू पहिल्याच दिवशी संपले. प्रत्येकाला आतून लाल असलेली मुलगी काढायची होती. मग एकीने रस्त्याकडेला ट्रकमधून सांडलेले मातीचे गोळे आणले. ते कुटून, करवंटीत काजूच्या डिंकात कालवले. काळपट तांबडा, दाट, छान रंग झाला. तो कपड्यावरून जात नाही हे प्रत्येकाच्या आईला माहीत होतं. कागदावर तर तो खडूपेक्षा चांगला बसला. एकाने मुलीच्या अंगात झाडाच्या मुळांसारख्या लाल रेघा काढल्या. काहींनी सूर्याला दात काढले. बाक उचलणारे चौघं तर जवळजवळ सगळ्यांनीच काढले, आणि ज्याने चित्र काढलं तो स्वतः त्या चौघांत होताच. बऱ्याच जणांनी मागे रस्ता आणि ट्रक काढला, कारण आमच्याकडे कुठलंही चित्र काढलं तरी मागे ट्रक असतोच. भाचीने पेन्सिलीने वर्ग काढला, तिच्या जागेवरून दिसतो तसा. त्यात ती नव्हती.

चित्रांखालच्या दोन ओळींवरून शिक्षकांच्या खोलीत भांडण झालं. भाषेचं आंदोलन नुकतंच शमलं होतं, म्हणजे बाहेर शमलं होतं. आम्ही सगळे घरी कोकणी बोलायचो आणि कागदावर मराठी लिहायचो, त्यात कधी कुणाला अडचण आली नव्हती. त्या वर्षी आली.

"शाळा मराठी आहे, ओळी मराठीत," एक सर म्हणाले.

"राज्य कसलें जालें मगे?" दुसऱ्या बाईंनी विचारलं. "भुरगीं उलयतात तशें बरय."

"मग अधिकारी येतील तेव्हा तुम्ही उत्तर द्या."

"दितां. तुमी चाय घ्या तोपर्यान."

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी निकाल दिला. ओळीच नकोत. चित्र ही काही वाचायची गोष्ट नाही. चित्रं नुसती लावा.

मी विरोध करायला हवा होता. पण दोन ओळी लिहायच्या नाहीत म्हटल्यावर तिसरी, नात्यातल्या लग्नाची, लिहायची की नाही हा प्रश्नही उरला नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. चित्रं व्हरांड्यात दोरीला टांगली, एका शब्दाशिवाय.

प्रदर्शनाला पालक आले. मी गृहीत धरलं होतं तसे खरोखरच आले. ट्रकवरचे बाप अंघोळ करून, केसांना तेल लावून आले. पाहुणे म्हणून खाणीवरचे एक साहेब होते, कारण शाळेची बाकं खाणीने दिली होती. साहेब भले गृहस्थ. ते प्रत्येक चित्रापाशी थांबत होते. तिसऱ्या-चौथ्या चित्रापाशी त्यांचं हसू कमी झालं. ट्रक, रस्ता, आणि पुढे लाल मुलगी. पुन्हा ट्रक, पुन्हा लाल मुलगी.

"रंग फार छान आहे," त्यांनी एका मुलीला विचारलं. "हा लाल कशाचा?"

"मातयेचो," ती अभिमानाने म्हणाली. "तुमच्या खणीचो."

साहेबांनी पुढची चित्रंही पाहिली, चहा घेतला, सगळ्यांना नमस्कार केला आणि जीपमध्ये बसले. जाताना हेडमास्तरांना हळूच म्हणाले, "तुमच्या शाळेचा आमच्यावर राग आहे हे मला ठाऊक नव्हतं."

दुसऱ्या दिवशी भावोजी, म्हणजे बहिणीचा नवरा, आपला ट्रक घेऊन खाणीवर गेले तर माती भरायच्या रांगेत त्यांचा नंबर नव्हता. उद्या बघू म्हणाले. उद्याही नव्हता. तिसऱ्या दिवशी आणखी दोघांना नंबर मिळाला नाही. ज्यांच्या मुलांनी चित्रं काढली होती ते सगळे धास्तावले. हेडमास्तरांनी चित्रं उतरवली आणि शनिवारी दुपारी पालकांची सभा बोलावली. आता मागणी सरळ होती. मुलीला शाळेतून काढा. रोग कुठलाही असो, तिच्यामुळे हे झालं.

सभा माझ्याच वर्गात झाली. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसली. भाची घरी होती, आतल्या खोलीत. बहीण मागे दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

एक ड्रायव्हर उठला. त्याची मुलगी सूर्याला दात काढणाऱ्यांपैकी. तो माझ्याशी नेहमी आदराने बोलायचा, तेव्हाही आदरानेच बोलला.

"बाई, आमी अशिक्षित मनशां. तुमी सांगा. हें खणीन जालां? तशें आसल्यार तशें सांगा. ना जाल्यार ना म्हणून सांगा. पूण चित्रां काडून आमच्या पोटार पांय दिवं नाकात."

हेडमास्तर म्हणाले, "बाई डॉक्टरांकडे गेल्या होत्या. त्या सांगतील."

मी उठले. मी म्हणाले की याचा खाणीशी संबंध नाही. हा महारोग नाही. रक्ताचा दोष आहे, उन्हाने फोड येतात, कुणाला लागत नाही.

"वत सगळ्यांक लागता," ती डबा आणणारी आई म्हणाली. "खाण सगळ्यांक आसा. मगे हिकाच कशें?"

उत्तर एकच होतं आणि ते मला पाठ होतं. टेबलावर वही होती. मी वहीकडे पाहिलं. पुढच्या गुरुवारी पेडण्याची माणसं येणार होती, त्यांच्यासाठी आतेने पोहे कांडून ठेवले होते. मी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, असं कधी कधी होतं."

लोक आपसांत बोलू लागले. हेडमास्तरांनी टेबलावर पट्टी आपटली. त्यांचं वाक्य तयार होतं, मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"हिकाच कशें तें हांव सांगतां," बहीण मागून म्हणाली.

सगळे वळले. ती जागची हलली नाही.

"डॉक्टरान म्हाका आनी अक्काक सांगलां. खणीचें न्हय, उदकाचें न्हय, देवाचें न्हय. घोव म्हजो आतेचो पूत, हांव ताच्या मामाची चली. दोनूय घरांच्या रगतांत तें आसलें, लिपून. ताच्या रगतांत अर्दें, म्हज्यांत अर्दें. तें तिच्यांत पुराय जालें. तुमच्या भुरग्यांक तें जावचें ना. तुमी तिका हात लायल्यारूय जावचें ना. हांव धा वर्सां लायतां." ती थांबली. "खणीच्या सायबाक सांगा, आमच्या घरचें तें. ताच्यार आळ ना."

मग पहिल्या रांगेतला एक म्हातारा, नातवाचा पालक म्हणून आलेला, बाकावरून वळत म्हणाला, "अगो, हांगा आमी सगळेच मामा-आतेचे. आमकां कित्याक ना तांबडे दांत?"

"तुमकां दांत खंय आसात आजोबा?" बहीण म्हणाली.

आधी त्याची सून हसली, मग तो स्वतः, बोळक्या तोंडाने. मग वर्ग हसला. बहीण हसली नाही, पण चौकट सोडून आत आली. ड्रायव्हरने विचारलं, खाणीवर हे सांगायला ती येईल का. ती म्हणाली, येते. डबा आणणाऱ्या आईने तिला बसायला बाकावर जागा केली. हेडमास्तरांनी तयार ठेवलेलं वाक्य सांगितलं नाही. ते म्हणाले, मुलगी येऊ दे.

ती आणि भावोजी सोमवारी खाणीच्या ऑफिसात जाऊन आली. मी डॉक्टरांच्या कागदाची नक्कल करून दिली होती. दोन दिवसांनी भावोजींना नंबर मिळाला.

गुरुवारी पेडण्याहून कुणी आलं नाही. नंतर एक कार्ड आलं, त्यात योग नाही असं लिहिलं होतं. पोहे आम्ही घरीच खाल्ले. बहीण मला वाढताना म्हणाली, "म्हज्यान रावंक जालें ना, अक्का." मी म्हणाले, बरं केलंस. या विषयावर आम्ही एवढंच बोललो. त्यानंतर आणखी दोन-तीन स्थळं आली तेव्हा मी बोलणी सुरू व्हायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, शेवटच्या भागासकट. सांगायला काही कठीण गेलं नाही. मी तिथेच त्याच शाळेत निवृत्त झाले. भाची दहावीपर्यंत शिकली, डाव्या हाताने लिहून, कारण उजवा तोवर धरत नव्हता. तिची आणि वर्गाची ती चित्रं माझ्याकडे आहेत. अलीकडे इस्पितळाच्या एका कार्यक्रमात अशा विरळ रोगांची माहिती द्यायला ती मागून घेतली होती. या वेळी प्रत्येक चित्राखाली ओळी होत्या. तीन लिहिल्या, दोन्ही भाषांत.

पण मला सांगायचं आहे ते सभेनंतरच्या आठवड्याचं. रविवारी तो ड्रायव्हर आणि आणखी एकजण शिडी घेऊन शाळेत आले. त्यांनी काचेचं कौल काढलं आणि तिथे मातीचं बसवलं. मी खाली शिडी धरून उभी होते. काम दहा मिनिटांचं होतं. ते मी जूनमध्येच कुणाला तरी सांगू शकले असते. मला सुचलं नव्हतं.

सोमवारी वर्ग काळोखा झाला. मुलांनी कुरकूर केली, फळा दिसत नाही म्हणाली, मी अक्षर मोठं काढलं. पट भरला होता. ती आईसुद्धा मुलाला घेऊन दारापर्यंत आली आणि त्याला आत सोडून गेली. मी अपूर्णांक शिकवत होते. साडेदहाच्या सुमाराला पाठीमागे बाक घासल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं. चौघं उठले होते. त्यांनी भाचीसकट बाक उचललं, हातभर सरकवलं आणि जागेवर जाऊन बसले. वर्गात कुठेही ऊन नव्हतं. भाची हसत होती, तिचे दात मला तेवढ्या काळोखातही दिसले.

मी पुन्हा फळ्याकडे वळले आणि पुढचं उदाहरण घातलं.